ताप मागणारी अनुसयाबाई

घरात ताप शिरला म्हणून गूळ वाटणारी बाई मी उभ्या आयुष्यात एकच पाहिली. नव्व्याण्णव साली मी गोंदियाजवळच्या गोरेगाव तालुक्यात मलेरियाच्या कामाला लागलो. दारोदार फिरायचं, कुणाला ताप आहे का विचारायचं, बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्त घ्यायचं आणि गोळ्या द्यायच्या. मला पाहिलं की पोरं पळून जायची. अनुसयाबाईनं मात्र हाक मारून अंगणात बोलावलं, तळहातावर गुळाचा खडा ठेवला आणि म्हणाली, "तोंड गोड करा जी. माह्या मिलिंदले ताप आला."

मी चक्रावलोच. मिलिंद तिचा एकुलता एक मुलगा. कॉलेजात शिकत असतानाच त्याला कानात माणसांचे आवाज ऐकू येऊ लागले होते. तेव्हापासून तो भिंतीकडे तोंड करून पुटपुटत बसायचा, आईलाही ओळखायचा नाही. पण अंग तापलं की त्याचं डोकं निवळायचं. त्या दिवशी गोधडी पांघरून, लाल डोळ्यांनी तो आईकडे पाहत होता. "माय, तू जेवली का?" त्यानं विचारलं. "आयकलं का?" अनुसयाबाई मला म्हणाली. "मले इचारून रायला तो!" आणि पदर डोळ्यांना लावला. ताप उतरल्यावर तो पुन्हा भिंतीकडे वळला.

नवरा लवकर गेलेला. दुसऱ्यांच्या बांधीत, धानाच्या चिखलात राबून ती दोघांचं पोट भरायची. जिभेला हाड नव्हतं बाईच्या! गावानं सांगून पाहिलं, पोराला बाहेरचं झालंय, मांत्रिकाकडे ने. ती म्हणायची, "आमी दीक्षा घेतलेले मानसं. अन् भूत रायतं तं असं बसून खाऊ देल्लं असतं का मी? रोवन्यावर नेलं असतं त्याले!"

शेवटी मीच दोघांना गोंदियाला मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी स्किझोफ्रेनिया असं आजाराचं नाव सांगून गोळ्या लिहून दिल्या. अनुसयाबाईनं चाचरत तापाची गोष्ट काढली. मला वाटलं, आता हसतील. ते हसले नाहीत. "माताजी, आप गलत नहीं हो," म्हणाले. रोगाशी लढणारी शरीरातली ताकद आणि मेंदू यांचं एकमेकांशी काहीतरी बोलणं चालतं, काही जणांच्या या आजारात त्या ताकदीचाही हात असावा, ताप आला की ती वेगळी वागते म्हणून असं होत असेल, पण पक्कं अजून कुणालाच ठाऊक नाही. उठताना त्यांनी बजावलं, "मगर बुखार दवा नहीं है. जान लेता है." परतीच्या एसटीत बाईच्या लक्षात फक्त पहिलं वाक्य राहिलं होतं. "पाह्यलं? मी खोटी नाही," असं ती शेजारी बसणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती.

गोळ्यांनी मिलिंदची तगमग कमी झाली, त्याला झोप लागू लागली. पण आईकडे तो वळला नाही. मग अनुसयाबाईनं भलतंच केलं. मी दिलेली मच्छरदाणी पेटीत कोंबली आणि पोराची खाट डासांनी भरलेल्या नालीच्या काठाला टाकली. पावसाळ्यात मी दाराशी गेलो तर म्हणे, "कोनालेच ताप नाही जी." आतून मिलिंदच्या हसण्याचा आवाज आला. मी तिला बाजूला सारून आत गेलो. पोराचं अंग भाजत होतं.

त्याच दिवशी रक्त तपासून आणलं, तर तो वाईट जातीचा, मेंदूवर जाऊ शकणारा मलेरिया निघाला. माझा तोल सुटला. "डोकं फिरलंय का तुमचं?" मी ओरडलो आणि जीभ चावली.

"माहं नाही जी, त्याचं. मनून तं!" ती म्हणाली. मग हात जोडले. "अर्धीच गोळी द्या ना. थोडासाक ताप राहू द्या. मरन नाही येवढा."

मला रडूच आलं. "बाई, हा ताप कुणाचं ऐकत नाही," मी म्हणालो. "आज बोलेल, उद्या पोरगाच राहायचा नाही."

ती मिलिंदजवळ जाऊन बसली. त्याचं डोकं मांडीवर घेतलं. "बापू, या गोळ्याईनं ताप जाईन. मंग तू मले वळखनार नाही. सांग, काय करू?"

त्यानं तळहात पुढे केला. "दे, माय," तो म्हणाला. "मी नाही वळखलं तं तू वळखजो मले."

तिनं स्वतःच्या हातानं सगळ्या गोळ्या दिल्या, एकही न चुकवता. ताप उतरला तेव्हा मी गेलो. मिलिंद भिंतीशी बोलत होता आणि ती त्याला भात भरवत होती. "गेला जी पुन्हा," ती म्हणाली आणि त्याच्या हनुवटीवरचं शीत टिपलं. "पन जिता हाये. जित्या मानसाची वाट पायता येते."

अनुसयाबाईला जाऊन आता काही वर्षं झाली. त्या पावसाळ्यानंतर तिनं माझ्यापासून कधी ताप लपवला नाही. मिलिंदचं अंग जरा कोमट लागलं तरी ती ताबडतोब निरोप धाडायची, आणि मी पोचेपर्यंत त्याच्याशी घाईघाईनं बोलून घ्यायची. मला ते कळलं होतं. गावापर्यंत मी सायकल जोरात हाणायचो. तिची गल्ली आली की उतरायचो आणि सायकल हातात धरून हळूहळू चालत जायचो.