गच्चीवरच्या सळया

युद्ध संपल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी सरकार नेमकं काय करतं, हा प्रश्न मला पडायचं काही कारण नव्हतं. मी नागपूरची, नोकरीसाठी बेंगळुरूत आलेली, नकाशे करणाऱ्या कंपनीत दिवसभर पडद्याकडे बघत बसणारी. पण नसत्या चौकशांची मला लहानपणापासून खोड आहे, आणि आमच्या हेब्बाळच्या ऑफिसात कामच तसं आलं. लढाईतून नुकत्याच बाहेर पडलेल्या एका देशाला आपली शहरं पुन्हा उभी करायची होती. तिथल्या पुनर्बांधणी मंत्रालयाला सगळ्यात आधी हवं होतं ते एवढंच, की कुठलं घर उभं आहे आणि कुठलं नाही.

आम्ही वरून काढलेले फोटो बघून एकेका घराला रंग द्यायचो. हिरवा म्हणजे घर शाबूत, वीज-पाणी द्या आणि माणसांना परत राहू द्या. पिवळा म्हणजे डागडुजी. लाल म्हणजे उरलंसुरलं पाडून टाकायचं, तिथे सरकार नवं घर बांधून देणार. काय बघायचं याची माहितीपुस्तिका आम्हाला कुठल्या तरी तिसऱ्याच देशातून आली होती. छपराला भोक, जळाल्याचा डाग, भोवती ढिगारा, असं सगळं त्यात होतं.

काम संपत आलं तेव्हा नकाशा तपासून न्यायला त्या मंत्रालयातल्या एक बाई आल्या. पन्नाशीच्या, शांत, आमच्या कॅन्टीनचं चित्रान्न, म्हणजे लिंबाचा फोडणीचा भात, आवडीने खाणाऱ्या. जेवताना मी त्यांच्याशेजारी जागा पकडली आणि इंग्रजीत माझा प्रश्न विचारून टाकला. पहिलं काय करता? मला वाटलं होतं, हॉस्पिटल म्हणतील, शाळा म्हणतील.

“आधी ढिगारा,” त्या म्हणाल्या. “तो कुठे नेऊन टाकायचा, यावर आमची दोन खाती अजून भांडतायत. मग पाणी. मग पावाची भट्टी.”

“शाळेच्या आधी भट्टी?”

“गल्लीत पाव मिळायला लागला की आया परत येतात. आया आल्या की शाळा आपोआप भरते.”

मला हे फार आवडलं. एवढा मोठा सरकारी आराखडा, आणि त्याच्या मुळाशी कोणीतरी बसून आया कशाने परत येतील याचा विचार केलेला. मग मी त्यांना भंडावूनच सोडलं. रस्त्यांना जुनीच नावं ठेवणार का? शेजारी शेजाऱ्याशी बोलेनासा झाला असेल तर त्याला पुन्हा शेजारीच घर देणार का?  

आल्या आल्या त्यांनी आम्हाला एक गल्ली उघडून दाखवायला सांगितली होती. तिथे त्यांच्या आई-वडिलांचं घर होतं. वडील गेले होते, आई आता राजधानीत यांच्या भाड्याच्या खोलीत राहत होती आणि घर उभं आहे का, एवढंच रोज विचारत होती. गल्लीतले सुरुंग काढून व्हायचे होते, त्यामुळे तिकडे कोणालाच जाता येत नव्हतं. आमच्या नकाशावर ते घर हिरवं होतं. बाईंनी तो चौकोन मोठा करायला लावला. मग त्यांनी गच्चीवरच्या ठिपक्यांवर बोट ठेवलं आणि हे काय आहे, म्हणून विचारलं.

“सळया, मॅडम,” आमचा पुण्याचा टीम लीड म्हणाला. “चांगली खूण आहे. वरचा मजला बांधायची तयारी.”

आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्यापैकी प्रत्येक जण तसल्याच गच्च्यांवर खेळून मोठा झाला होता. फोटो वाचणं आमचं काम, म्हणून बाईंनीही ते मानलं.

संध्याकाळी बाईंनी आईला फोन केला. दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, “आई म्हणते, गच्चीवर सळया-बिळया काही नव्हत्या. मग म्हणाली, हिरवं आहे ना, मग बास.” त्या हसल्या, मीही हसले. म्हाताऱ्या माणसाला सगळं थोडंच आठवतं, असंच दोघींना वाटलं असणार.

रविवारी मी त्यांना राजाजीनगरला जेवायला बोलावलं. मी तिथे भाड्याने राहते. घरमालक मराठीच, पण त्यांचे पूर्वज शिवाजी महाराजांच्या वडिलांच्या काळात इकडे आले असं ते सांगतात. त्यांना सगळी गल्ली अण्णा म्हणते. जेवणानंतर अण्णा बाईंना आपल्या कुंड्या दाखवायला गच्चीवर घेऊन गेले. गच्चीच्या कोपऱ्याकोपऱ्यांतून सळयांचे जुडगे वर आलेले, त्यांनाच बांधलेल्या दोऱ्यांवर माझे कपडे वाळत होते. बाई कुंड्यांपाशी पोचल्याच नाहीत. एका सळईला हात लावून त्यांनी अगदी हळू, सांत्वनाला आल्यासारखं विचारलं, “वरचा मजला कधी पडला?”

मी ते अण्णांना मराठीत सांगितलं. अण्णा गोंधळले.

“पडायला अगोदर बांधायला पाहिजे की,” ते म्हणाले. “मुलग्यासाठी सोडलंय हे. तो परत येऊ दे, मग बांधायचं. स्वल्प लेट झालाय, एवढंच.”

मी ते इंग्रजीत सांगितलं. बाईंनी आजूबाजूला पाहिलं. राजाजीनगरात उंचावरून दुसरं दिसतं तरी काय? पाण्याच्या टाक्या, वाळत घातलेले कपडे आणि जिकडेतिकडे आभाळाकडे निघालेल्या सळया.

“ही सगळी न बांधलेली घरं?”

“हो. आमच्याकडे असंच ठेवतात.”

“आमच्याकडे कोणी ठेवत नाही,” त्या म्हणाल्या. “आम्ही घर एकदाच बांधतो, पुरं. आमच्याकडे सळई दिसते ती वरचं गेल्यावरच.”

 त्या कपडे धुवायच्या दगडावर बसल्या. काय झालंय ते न समजताच अण्णा घाईने पाणी आणायला खाली गेले.

“आमचं घर दोन मजली होतं,” त्या म्हणाल्या.

सोमवारी सकाळी आम्ही ती गल्ली पुन्हा उघडली. शेजारचं दोन मजली घर शाबूत होतं. त्याची सावली रस्ता ओलांडून गेलेली, आणि यांच्या घराची त्याच्या निम्मीच. ती सावली पहिल्यापासून तिथेच होती, पण सळया दिसल्यावर पुढे बघायची गरज कोणालाच वाटली नव्हती. लष्कराने गल्लीतला ढिगारा लढाईतच, सुरुंग पेरले जाण्याआधी, उचलून नेला होता, म्हणून पुस्तिकाही गप्प होती. सळया असलेली गच्ची आली की ती खरी गच्ची की वरचा मजला गेलेलं घर हे कळायला दोरी आहे का, टाकी आहे का, सावली केवढी आहे, असं आम्ही पुन्हा बघत गेलो, आणि हिरव्याचं लाल होत गेलं. तडे गेलेल्या भिंतींत आम्ही माणसं राहायला पाठवणार होतो.

आपलं घर त्यांनी दुसऱ्या कोणाला बदलू दिलं नाही. माउस स्वतःच्या हातात घेतला, लाल रंग निवडला आणि क्लिक केलं.

मला राहवलं नाही. “आईंना काय सांगणार?”

“लाल सांगणार. म्हणजे सरकार बांधून देणार.” पुढे म्हणाल्या, “आमच्या आराखड्यात नवी घरं एक मजली आहेत. जास्त जमणार नाही. पण वर सळया सोडायला सांगणार आहे मी. सगळ्या घरांवर. इंजिनियर ओरडतील.”

त्या मायदेशी परतल्यावर मी अण्णांना हे सगळं सांगितलं. 

“सळयांना गंज धरतो म्हणावं,” ते म्हणाले. “सिमेंटचं पाणी लावून ठेवायला पाहिजे. लिहून कळव त्यांना.”

मी कळवलं. पुढच्या रविवारी कपडे काढायला वर गेले, तर अण्णा बादली आणि ब्रश घेऊन बसले होते, आपल्या सळयांना सिमेंटचं पाणी लावत. मुलगा येतोय का, हे एवढं एकच मी विचारलं नाही.