केसांच्या दिशेने

आमच्या खालच्या मजल्यावर शिवणकाकू राहतात. शाळेचे गणवेश शिवतात, म्हणून शिवणकाकू. त्यांचे यजमान तीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होते आणि निवृत्त झाल्यावरही कंडक्टरच राहिले. जिन्यात दोन माणसं बोलत उभी दिसली की त्यांच्या दारातून आवाज यायचा, "पुढे सरका, पुढे सरका, दार अडवू नका!" घरातही तेच. काकूंना मशीनवरून उठायला उशीर झाला की, "तुमची गाडी आज डेपोत परत येणार आहे का?" भाजीत मीठ कमी पडलं की, "हे तिकीट चालायचं नाही." शिवलेला फ्रॉक हातात घेऊन टाके तपासायचे आणि एखादा वाकडा सापडला की दिवसभर तोच विषय. झोपेत तरी गप्प बसत असतील, असं मी एकदा म्हटलं, तर काकू म्हणाल्या, "छे, तेव्हा घोरून हजेरी लावतात."

एका सकाळी काकांच्या हातातून चहाचा कप निसटला. "अहो, लक्ष कुठे आहे?" काकू चिडून म्हणाल्या. उत्तर आलं नाही. वळून बघतात तर तोंड एका बाजूला ओढलं गेलेलं. तीन आठवड्यांनी काका दवाखान्यातून घरी आले तेव्हा उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडला होता आणि एवढ्या बोलक्या माणसाकडे एकच शब्द उरला होता. "हो."

चहा हवा का? हो. नको का? हो. डॉक्टरांनी काकूंना बजावून सांगितलं होतं, की यांना समजतं सगळं. फक्त बोलायला गेलं की तेवढंच बाहेर येतं.

काकू कंबर कसून कामाला लागल्या. अंग पुसायचं कसं, कुशीवर वळवायचं कसं, घास कुठल्या गालात द्यायचा, हे सगळं दवाखान्यातल्या नर्सने शिकवलं होतं. दाढीचं मात्र कुणी काही सांगितलं नाही, आणि काकूंनीही विचारलं नाही. त्यात विचारायचं काय? काका कामावर असताना रोज गुळगुळीत दाढी करून जायचे. आता खुंट वाढवून बसले तर लोक म्हणतील, बायको बघत नाही. म्हणून रोज सकाळी साडेसहाला, आंघोळीच्याही आधी, काकू त्यांना खुर्चीत बसवायच्या. नळाचं गार पाणी तोंडावर मारायचं, अंगाचा साबण चोळायचा आणि पाकिटातलं प्लॅस्टिकचं रेझर खालून वर ओढायचं. खालून वर, कारण तसं केलं की गाल कसा मऊ लागतो. मग तुरटी. आणि वर जावयाने भेट दिलेलं वासाचं पाणी, दोन थेंब जास्तच, म्हणजे माणूस प्रसन्न दिसेल.

पहिल्या आठवड्यात काकूंनी विचारलं होतं. "दुखतंय का?" "हो." "बरं वाटतंय ना?" "हो." मग त्यांनी विचारणंच सोडून दिलं.

गळ्यावर लाली आली तेव्हा त्यांना वाटलं, उकाड्याने असेल. बारीक पुळ्या आल्या तेव्हा वाटलं, दाढी नीट साफ होत नाही. म्हणून त्या आणखी घासून, दोनदोनदा रेझर फिरवायला लागल्या. काका तोंड फिरवायचे. काकूंना वाटायचं, आला यांचा रुसवा. बायकोच्या हातून दाढी करून घ्यायची म्हणजे कमीपणा ना!

आणि मग तो सोमवार आला. नव्वद स्कर्ट दुपारपर्यंत शाळेत पोचवायचे होते, तिसांची शिलाई बाकी होती. रेझर गळ्याला लागलं आणि काकांनी मान झटकली. हनुवटीखाली कापलं, साबणात लाल रेघ उतरली. काकूंचं डोकं फिरलं. डाव्या हाताने त्यांनी काकांचा जबडा घट्ट पकडला आणि ओरडल्या, "दगडासारखे बसा म्हटलं ना! नाहीतर राहा तसेच, भिकाऱ्यासारखे!"

"हो," काका म्हणाले.

काकूंनी तसाच जबडा धरून उरलेली दाढी पुरी केली. बोटांचे वळ दुपारपर्यंत गालावर होते.

हे मला खूप नंतर कळलं, काकूंनीच सांगितलं. मी कॉलर उलटवायला शर्ट घेऊन गेले होते. तो हातात धरून, माझ्याकडे न बघता त्या बोलत राहिल्या. "खोटं कशाला बोलू? हे गप्प झाले, याचं मला कुठेतरी बरंही वाटत होतं. तीस वर्षं माझ्या टाक्याटाक्यावर बोलणारा माणूस. दाढीच्या वेळी तो माझ्या मुठीत असायचा. मी मुद्दाम दुखवलं नाही गं. पण दुखतंय का ते बघितलंही नाही."

बघितलं ते दुसऱ्याच कुणीतरी. आठवड्यातून दोनदा काकांचा व्यायाम घ्यायला एक मुलगी यायची. काकू तिला व्यायामताई म्हणायच्या. त्या गुरुवारी ती अर्धा तास लवकर आली. दाढी चालूच होती. ती दारात चपला काढता काढता थबकली. काकांचा चांगला हात खुर्चीच्या दांड्यावर इतका आवळलेला होता की बोटांची पेरं पांढरी पडली होती. डाव्या पायाची बोटं आत वळली होती.

"काकू, थांबा जरा," ती म्हणाली.

तिने ओल्या रुमालाने साबण पुसला, काकांना खिडकीकडे वळवलं आणि हनुवटी हलकेच वर केली. जबड्याखालून गळ्यापर्यंत लालभडक पट्टा होता. पुळ्याच पुळ्या, दोनतीन पिकलेल्या. काही केस वर यायच्या ऐवजी कातडीखालीच वळले होते.

"यांची कातडी फार नाजूक आहे," व्यायामताई म्हणाली. "ही अशी आग होत असणार, भाजल्यासारखी. त्यावर तुरटी आणि हे वासाचं पाणी..." पुढचं तिने गिळलं. मग म्हणाली, "त्यांच्या 'हो'कडे लक्ष देऊ नका काकू. हाताकडे बघत जा. हात खोटं बोलत नाहीये."

"किती दिवस..." काकूंनी सुरुवात केली आणि त्यांना स्वतःलाच उत्तर आलं. तीन महिने होत आले होते.

ती रागावली असती तर बरं झालं असतं, काकू म्हणाल्या. ती रागावली नाही. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा आणि दहा दिवस ब्लेड लावू नका, एवढं सांगून तिने नेहमीसारखा व्यायाम घेतला.

त्या दुपारी काकूंनी एक गोष्ट केली. दार लोटून त्या मोरीत गेल्या, स्वतःच्या पोटरीवर गार पाणी मारलं, अंगाचा साबण फासला आणि तेच रेझर खालून वर, दोनदोनदा ओढलं. मग तुरटी फिरवली. मग वासाचं पाणी. डोळ्यांतून टचकन पाणी आलं. त्या तशाच मोरीच्या कठड्यावर बसून राहिल्या. आपली पोटरी, एकदाच, तर एवढी आग. यांचा गळा, रोज.

दहा दिवस काकांची पांढरी दाढी वाढत राहिली. डॉक्टरांनी दिलेलं मलम काकू सकाळ-संध्याकाळ लावायच्या आणि एकेक पुळी बोटाला लागायची. मशीनवर लक्ष लागेना. एका शर्टाला त्यांनी खिसा उलटा लावला, दुसऱ्याला दोन्ही बाह्या डाव्याच जोडल्या. पूर्वी असं झालं असतं तर कंडक्टरसाहेबांनी आठवडाभर फिरकी घेतली असती. आता त्यांनी दोन डाव्या बाह्यांकडे बघितलं, मग काकूंकडे बघितलं आणि नुसतेच गालात हसले. काकूंना ते हसू सहन होईना. त्या सुई शोधण्याच्या निमित्ताने आतल्या खोलीत गेल्या.

कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याकडे काका केस कापायला जायचे. काकूंना वाटलं, दाढीचं त्याला माहीत असेल. सलूनमध्ये त्या आयुष्यात कधी गेल्या नव्हत्या. बाहेरूनच त्यांनी विचारलं.

"दाढी?" सलूनवाला हातातली कात्री ठेवून बाहेर आला. "वहिनी, कंडक्टर माझ्याकडे दाढीला कधीच बसले नाहीत. मी किती वेळा म्हटलं, पास काढा, रोज या. तर म्हणायचे, नको रे बाबा, तुझं ब्लेड माझ्या गळ्याला मानवत नाही. तरुणपणी म्हणे फार त्रास झाला होता. रोज गुळगुळीत दाढी केल्याशिवाय ड्युटीवर घ्यायचे नाहीत आणि गळा तर सोलून निघायचा. मग करत करत स्वतःची एक पद्धत बसवली त्यांनी. दाढीला वीस मिनिटं लागतात म्हणायचे. तुम्हाला माहीत असेलच की."

काकूंना माहीत नव्हतं. तेहेतीस वर्षं काका मोरीचं दार लावून दाढी करायचे आणि काकू बाहेरून ओरडायच्या, "अहो, किती वेळ? लग्नाला उभं राहायचंय का?"

घरी येऊन त्यांनी कपाट उघडलं. औषधांना जागा करताना त्यांनीच काकांचा एक पत्र्याचा डबा दोऱ्यांच्या रिळांमागे ढकलला होता. त्यात मऊ केसांचा ब्रश होता, अर्धी संपलेली बिनवासाची क्रीम होती आणि एका ब्लेडचं जुनं, जड रेझर. काकूंनी आतलं ब्लेड काढून टाकलं आणि ते रिकामं रेझर काकांच्या डाव्या हातात दिलं. आरसा समोर धरला.

"मला येत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही दाखवा."

रेझर खाली ठेवून काकांनी खांद्यावरचा टॉवेल ओढला आणि दोन्ही गालांवर दाबून धरला. काकू ओळखत गेल्या. "गरम पाण्याचा? आधी टॉवेल?" मग ब्रश घेऊन गोल गोल, हळू. मग रेझर. गालावर वरून खाली, छोटे छोटे हात, दाब नाहीच. डावा हात सरावाचा नव्हता, थरथरत होता. तरी गाल फुगवणं, ओठ आत ओढणं, नाक एका बाजूला सारणं, सगळं करून दाखवत होते. काकूंनी हे चेहरे कधी पाहिलेच नव्हते. गळ्याशी आल्यावर काका थांबले. काकूंचं बोट धरून त्यांनी वाढलेल्या केसांवरून फिरवलं. जबड्याखाली केस खाली वाढत होते, पण गळ्याच्या डाव्या बाजूला ते आडवे, कानाकडे गेले होते. तिथे रेझरही आडवंच फिरवायचं. काकू रोज नेमक्या उलट्या दिशेने ओढत होत्या.

पहिली दाढी त्यांनी दहा दिवस झाल्यावर, आंघोळीनंतर केली. डोळे काकांच्या डाव्या हातावर. हात मांडीवर सैल पडलेला होता. अर्धी दाढी झाल्यावर काकूंना पुढचं दिसेना. त्या रेझर बाजूला ठेवून म्हणाल्या, "मी फार दुखवलं तुम्हाला. त्या दिवशी नको ते बोलले. मला माफ कराल का?"

"हो," काका म्हणाले.

त्याचा अर्थ काय धरायचा ते काकूंना आजही ठरवता येत नाही. पण मग काकांनी आपणहून मान वर केली आणि गळा पुढे केला. मागच्या तीन महिन्यांत असं त्यांनी एकदाही केलं नव्हतं.

एका दिवसात सगळं सुरळीत झालं असं मुळीच नाही. लेकीने पाठवलेल्या महागड्या क्रीमने खाज सुटली. लेकीच्याच सांगण्यावरून आणलेल्या मशीनचा घुर्र आवाज ऐकून काका खुर्चीतून उठायलाच निघाले. एकदा घाईत काकूंनी गरम टॉवेल टाळला, तर दुसऱ्या दिवशी लगेच उजवीकडे चार पुळ्या. शेवटी पद्धत बसली ती अशी: दाढी दिवसाआड, आंघोळ झाल्यावर, कोमट टॉवेल तीन मिनिटं, बिनवासाची क्रीम, ब्लेड चार दाढ्यांनंतर टाकून द्यायचं, एका जागी एकदाच हात, मग गार पाणी, आणि पुसायचं नाही, नुसतं टिपायचं. तुरटी नाही, वासाचं पाणी नाही, फक्त डॉक्टरांचं साधं लोशन. वीस मिनिटं लागतात. त्या वेळात कुणी कपडे घेऊन आलं तर बाहेर थांबतं.

गळा आता बरा आहे. जबड्याखाली दोन काळे डाग राहिले आहेत. ते जातील की नाही ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. मी म्हटलं, "काकू, आता कुणाला दिसतात?" त्या म्हणाल्या, "मला दिसतात."

मागच्या महिन्यात काकांना तपासणीला नेताना मी सोबत गेले होते. बाकावर आमच्या शेजारी एक बाई बसली होती, तिच्यासोबत चाकांच्या खुर्चीत तिचे वडील. त्यांच्या गळ्यावर तसाच लाल पट्टा होता. वडिलांनी तोंड फिरवलं की बाई पुटपुटायची, "बघा ना, नुसता हट्ट." काकू दोनदा बोलायला गेल्या आणि गप्प बसल्या. मला वाटलं, राहू देतील. कुणाला सांगायचं म्हणजे आधी आपलं सांगावं लागणार. मग त्या थोड्या सरकून बसल्या.

"बाई, दाढी तुम्हीच करता का यांची?"

"हो. का?"

"खालून वर?"

बाईने मान डोलावली. काकूंनी तिला टॉवेलपासून सगळं सांगितलं. बाई आधी जरा फणकाऱ्यानेच ऐकत होती. "एवढं काय त्यात? आणि दुखलं तर सांगतील ना."

"नाही सांगता येत," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज खाली गेला होता, पण शब्द स्वच्छ होते. "आमच्याकडे तीन महिने असंच चाललं. जबडा धरून केलेली आहे दाढी, वळ उठेपर्यंत."

"अरे देवा," बाई म्हणाली. "कुणी केलं असं? बाई ठेवली होती का?"

"नाही," काकू म्हणाल्या. "मीच."

काका शेजारीच होते, ऐकत होते. बाईने वडिलांच्या गळ्याकडे बघितलं आणि पर्समधून कागद काढून काकूंना म्हणाली, "क्रीमचं नाव परत सांगता?" काकू अक्षरं सांगत होत्या तेवढ्यात आमचा नंबर पुकारला. मी काकांची चाकांची खुर्ची ढकलायला पुढे झाले, पण काकूंनी माझे हात बाजूला केले. "मी नेते," त्या म्हणाल्या.