हॉलंडची गाय

बाबांना पक्षाघाताचा झटका आला, त्यात उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि बोलणं गेलं. हातापायाचं मी धरूनच चालले होते. बोलण्याचं एवढं काही वाटेल असं मात्र ध्यानीमनी नव्हतं, कारण बाबा तसेही बोलणाऱ्यांतले नव्हते. जन्मभर बोटीवर नोकरी. वर्षाचे नऊ-दहा महिने बाहेर, उरलेले दोन अर्नाळ्याच्या घरी, आणि त्या दोन महिन्यांतही ओटीवर बसून रस्त्याकडे बघत राहायचे. आई त्यांच्याशी बोलायची आणि तिची उत्तरंही तीच द्यायची. आई जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून घरात आम्ही दोघंच. मी लग्न केलं नाही. त्याला कारणं आहेत, पण ती इथली नाहीत.

माझा धाकटा भाऊ वसईत राहतो. तो वाईट नाही, हे आधीच सांगते. दर रविवारी येतो, फळं आणतो, बाबांचं दुखरं अंग तेल लावून चोळून देतो. त्यानेच कामणकडच्या एका वृद्धाश्रमाची चौकशी केली. तिथे पडून असलेल्या माणसांचं सगळं करतात, डॉक्टर येतो, जागा चांगली आहे. माझी रजा संपत आली होती, पाठ गेली होती, आणि सकाळी बाबांना कुशीवर वळवताना मी शिव्या देते हे शेजारच्यांनी त्याच्या कानावर घातलं होतं. तो म्हणाला, "ताई, तू मरशील यात. आणि कुणासाठी? तू कोण आहेस हे तरी त्यांना कळतंय का?"

मी म्हटलं, कळतं. तो म्हणाला, कशावरून?  बाबा माझ्याकडे बघायचे, पण ते पंख्याकडेही तसेच बघायचे. त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. माझ्या बापाने एकदा, फक्त एकदा, मी कोण ते सांगावं. मग हवं तर मी पाठ मोडून घेईन.

वसईला वाचा परत आणण्याचे व्यायाम घेणाऱ्या एक बाई आहेत. त्यांनी मला चित्रांच्या कार्डांचं पाकीट दिलं आणि सांगितलं, माणसांच्या नावांच्या मागे लागू नका, ती सगळ्यात अवघड. प्राण्यांपासून सुरू करा. मला बरं वाटलं. आगाशीच्या शाळेत मी बावीस वर्षं पहिलीचा वर्ग घेते. गाय, घोडा, मेंढी म्हणून घेणं हा माझ्या हातचा मळ.

पहिलंच कार्ड गाईचं. काळी-पांढरी, ही एवढी कास, मागे हिरवंगार कुरण. मी विचारलं, बाबा, हे काय? त्यांनी बराच वेळ कार्डाकडे बघितलं, तोंडाची जुळवाजुळव केली आणि म्हणाले, "कू."

मी म्हटलं, गाय. ते म्हणाले, कू. दुसरं कार्ड तांबूस गाईचं. ती तर निदान गाय होईल म्हणून पुढे केलं, तर म्हणाले, "वाश." मेंढीला म्हणाले, "ओआये." घोड्याचं कार्ड बाजूला सारलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. मी शंभर पानी वही केली होती, तिच्यात तारीख घालून लाल पेनाने चूक, चूक, चूक असं लिहीत गेले. तीन आठवडे लिहिलं. मास्तरकीची खोड, दुसरं काय.

एका दुपारी मात्र माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी ओरडले की बाबा, गाय म्हणा, पहिलीतलं पोर म्हणतं, गाय. ते शांतपणे कू म्हणाले. मी हातातली पट्टी त्यांच्या डाव्या हातावर मारली. शाळेत मी कित्येक वर्षांत कुणाच्या मुलाला बोट लावलेलं नाही. बाबांनी हात मागे घेतला नाही, नुसता वळ उमटला तिथे बघत राहिले. मी मोरीत जाऊन नळ सोडून रडले. माझी मलाच किळस आली होती.

त्याच आठवड्यात बाबांचे जुने सोबती पाचूबंदरहून भेटायला आले. ते आणि बाबा पंधरा वर्षं एकाच बोटीवर होते. काकांनी सुक्या बोंबलांची पुडी माझ्या हातात दिली, बाबांच्या छातीवर हलकेच क्रूस काढला आणि खुर्ची ओढून बसले. त्यांना काय दाखवणार? मी कार्डं दाखवली. म्हटलं, बघा काका, डोकं किती गेलंय ते. बाबा म्हणाले, कू. वाश. ओआये. काका मान डोलावत राहिले आणि मग माझ्याकडे वळले.

"बरोबर बोलतंय तो, पोरी. ही हॉलंडची गाय हाय, हिला तिथं कूच बोलतात. ही फ्रान्सची. आनि मेंढी रोमानियाची. तो कुठं चुकला?"

 बाबा बोटीवर आहेत एवढंच आम्हाला ठाऊक होतं. ती गुरांची बोट होती हे घरात कुणी कधी सांगितलं नव्हतं. कदाचित कोळ्याच्या पोराने गुरं हाकावीत याची त्यांना लाज वाटत असेल. काका सांगत गेले. युरोपातल्या बंदरांतून गाई-मेंढ्या भरायच्या आणि अरबांच्या मुलखात उतरवायच्या. फळीवरून वर चढताना जनावर बिथरायचं, पुढे पाऊल टाकायचं नाही. बाकीचे खलाशी काठ्या घालायचे. बाबा काठी घ्यायचे नाहीत. ट्रकवाल्याला खुणेने विचारायचे, तुमच्याकडे हिला काय म्हणता? तो सांगेल तो शब्द पाठ करायचे आणि तोंडासमोर उभं राहून त्याच शब्दाने हाक मारायचे. पोर्तुगालची असेल तर वाका, क्रोएशियाची असेल तर क्रावा. जनावराला शब्द कळायचा की आवाज, ते देवाला ठाऊक, पण यायचं. पुढच्या आठ-दहा दिवसांच्या सफरीतही जी आजारी पडेल तिच्याजवळ बाबा जाऊन बसायचे आणि तिच्या भाषेतला तो एक शब्द बोलत राहायचे. घोडे त्या बोटीवर कधीच नव्हते.

काका म्हणाले, दिवसभर त्याच्या तोंडाला खळ नसायचा.

हे ऐकून मला बापाचा अभिमान वाटायला हवा होता. तो नंतर वाटला. आधी मला त्या गाईंचा हेवा वाटला. आठ दिवसांनी जी कापायला उतरणार, तिला माझ्या बापाने तिच्या भाषेत हाका मारल्या, आणि आम्ही दोन महिने ओटीवर त्यांच्या तोंडाकडे बघत बसायचो. काका गेल्यावर मी वही काढली आणि प्रत्येक चूक खोडून त्यावर बरोबर लिहिलं. बाबा झोपले होते. त्यांना त्याचं काय होतं.

पण त्यातून मला एक रस्ता दिसला. ज्या देशात जनावर पहिल्यांदा भेटलं, त्या देशाचा शब्द त्यांच्यात शाबूत होता. मग इथलं जनावर दाखवलं तर? मी सातिवलीच्या रस्त्यावरच्या एका तबेल्यात जाऊन म्हशीचे फोटो काढले. तबेलेवाला माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसा बघत होता. आगाशीच्या बाजारात एक बोकड बांधलेला होता, त्याचा काढला. घरी येऊन मोबाइल बाबांच्या डोळ्यांसमोर धरला. 

"म्हस," बाबा म्हणाले.

मग बोकड. मग आमच्या दारचं कुत्रं. चार दिवसांत सात शब्द आले. मी भावाला फोन केला, थेरपिस्टबाईंना फोन केला, शाळेतल्या शिपाईबाईलासुद्धा सांगितलं. भाऊ रविवारी आला. त्याने सगळं ऐकून घेतलं, म्हशीचा फोटो दाखवून स्वतः खात्री केली आणि हळूच म्हणाला की ताई, त्यांना म्हैस ओळखता येते हे कळलं. तू ओळखू येतेस का, ते बघ. वृद्धाश्रमात एक जागा झाली होती. पुढच्या सोमवारपर्यंत हो की नाही कळवायचं होतं, म्हणजे आठ दिवस.

त्या आठ दिवसांत मी काय काय केलं ते सांगायला लाज वाटते. माझा शाळेतल्या ग्रुपमधला फोटो दाखवला. बाबा गप्प. आधारकार्ड दाखवलं. आईबरोबरचा, लहानपणचा, दोन वेण्यांचा फोटो दाखवला. आईच्या चेहऱ्यावर त्यांनी बोट ठेवलं, माझ्यावर नाही. शेवटी शेवटी तर मोबाइलवर शोधून मुलगी या शब्दाला डच, फ्रेंच, पोर्तुगीज, रोमानियन भाषांत काय म्हणतात ते पाठ केलं आणि एकेक त्यांच्या कानाशी म्हटलं. त्यांनी मान फिरवली. कुठल्या बंदरात कुणी त्यांना आपली मुलगी थोडीच दाखवली होती? फीलिया, फीय, डॉख्तर, असं मी बिछान्याच्या कडेला बसून ओरडत होते आणि बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं. मी हात स्वतःच्या मांड्यांखाली दाबून बसले.

रविवारी सकाळी मी हरले होते. भावाला हो म्हणायचं ठरवून कपड्यांच्या घड्या घालत होते. आणि घड्या घालता घालता सरळ प्रश्न पडला. गाय त्यांना फळीवर भेटली, म्हैस रस्त्यात. मी त्यांना कुठे भेटले? ओटीवर तर नाही, तिथे ते माझ्याकडे बघायचेच नाहीत. खूप आठवलं तेव्हा एकच जागा सापडली. लहानपणी, त्यांच्या जायच्या दिवशी. बॅग दारात असायची, बूट घातलेले असायचे, रिक्षा उभी असायची, आणि मी चौकट दोन्ही हातांनी धरून वाट अडवलेली असायची. तेव्हा ते वाकून माझ्याकडे नीट बघायचे. वर्षातून एकदा.

मी माळ्यावर चढून त्यांची बॅग काढली. निळ्या रेक्झिनची, चेन गंजलेली. तिच्यात दोन उशा कोंबल्या, म्हणजे भरलेली दिसेल. बाबांना चाकाच्या खुर्चीत बसवलं, केस विंचरले, बाहेरचा शर्ट घातला. उजवं पाऊल सुजलेलं, बूट जाईना. मी तो दाबून बसवला, ते कण्हले, तरी बसवला. खुर्ची दाराशी नेली, बॅग समोर ठेवली आणि एकावन्न वर्षांची मी चौकट दोन्ही हातांनी धरून उभी राहिले.

बाबांनी बॅगेकडे बघितलं. बुटांकडे बघितलं. मग माझ्याकडे. माझ्या चेहऱ्यावर त्यांची नजर ठरली. गेल्या चार महिन्यांत ती अशी एकदाही ठरली नव्हती.

"येतंव गो बाय," ते म्हणाले. "आयला तरास देव नको."

अडखळले नाहीत. शब्द शोधला नाही. त्यांचा तो जुना, जड आवाज होता, आणि बाय मीच होते, घरात दुसऱ्या कुणाला ते तसं कधीच म्हणाले नव्हते. मी मटकन उंबऱ्यावर बसले आणि हसत रडत त्यांच्या गुडघ्याला मिठी मारली.

पण बाबा जायला निघाले होते. डाव्या हाताने चाक पुढे ढकलत होते. मी वाटेत बसलेली, म्हणून चाक माझ्या मांडीला लागत होतं. मी म्हटलं, बाबा, कुठे जायचं नाही, झालं. त्यांना पटेना. त्यांनी बॅगेचा बंद धरून ओढला, बूट जमिनीवर आपटला. बोट चुकणार होती. मी बॅग उचलून आत नेली तेव्हा ते मोठ्याने रडायला लागले आणि दुपारभर रडत राहिले. जेवण तोंडातून बाहेर काढलं. बूट काढताना पाऊल सोललेलं दिसलं.

संध्याकाळी भावाला सांगितलं, ओळखलं त्यांनी मला, मी पाठवणार नाही. त्याने विचारलं, काय म्हणाले? मी सांगितलं. तो म्हणाला, तुझी मर्जी, ताई.

दुसऱ्या दिवसापासून बाबा पुन्हा पंख्याकडे बघतात तसे माझ्याकडे बघायला लागले. मी भरवलं, पुसलं, वळवलं. पायाला मलम लावलं. स्वतःला बजावलं की एकदाच हवं होतं, ते मिळालं, आता पुरे. चार दिवस मी तशी राहिले. पाचव्या दिवशी पायाला खपली धरली आहे ना एवढं बघून घेतलं आणि बॅग काढायला माळ्यावर चढले.