एक रिकामी ओळ

धुळ्याच्या अभ्यासिकेत तो रोज माझ्या शेजारी बसायचा. त्याची पुण्यातली प्रोग्रामरची नोकरी गेली होती. लॅपटॉपच्या काळ्या पडद्यावर तो जुन्या प्रोग्राममध्ये एक रिकामी ओळ घालायचा आणि तेवढाच बदल गिटमध्ये, म्हणजे प्रोग्राममधल्या बदलांच्या ऑनलाइन नोंदवहीत, कमिट करायचा, म्हणजे नोंदवायचा. दुसऱ्या दिवशी तीच ओळ काढून पुन्हा कमिट. मग दिवसभर बोटं मोडत बसायचा.

"हा काय चाळा?" मी वैतागलो.

"कमिट केलं की तिथल्या माझ्या प्रोफाइलवर त्या दिवसाचा चौकोन हिरवा होतो, रोज काम करतो असं दिसतं. कंपन्या बघतात म्हणे."

तेवढ्यात गावाहून वडिलांचा फोन आला. "हां आबा," तो अहिराणीत कुजबुजला, "काम चालू शे."

फोन ठेवून तो पडद्याकडे बघतच राहिला. "आज ओळ घालायची का काढायची?"

"काढायची," स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकातून मान वर न करता मी म्हणालो. इतक्या दिवसांत मला तेवढंच पाठ झालं होतं.