कॉइलच्या दोन तारा

शनिवारी सकाळी लिओनी गोदेनं घेवड्याचं मातीचं भांडं ओव्हनमध्ये सरकवलं. तासाभरानं झाकण काढून पाहिलं, तर वरची काकवी तशीच थंडगार. संध्याकाळी मुलगा जेवायला येणार होता. कॅनडातल्या टँट्रमारच्या बाजूला शनिवारी ज्या घरात घेवडा शिजत नाही, त्या घरात काहीतरी बिनसलंय असं लोक धरून चालतात. नवरा गेल्यापासून लिओनी असं कुणाला म्हणायची सोयच ठेवत नव्हती.

मेकॅनिकला बोलवायचा प्रश्नच नव्हता. उमेदीची सगळी वर्षं तिनं गावातल्या ओव्हनच्या कारखान्यात तारा जोडण्यात घालवली होती. वरची कॉइल चालू करून पाहिली, ती लगेच लाल झाली. म्हणजे वीज येत होती. घोडं अडलं होतं खालच्या कॉइलपाशी. तिनं मेन स्विच पाडला, दोन स्क्रू काढले आणि कॉइल पुढे ओढली. कुठे फोड नाही, चीर नाही. पण तिला एकही तार जोडलेली नव्हती. दोन्ही तारा मागच्या भोकात होत्या, टोकांना काळी टेप गुंडाळून नीट खोचून ठेवलेल्या.

हे काही आपोआप झालेलं नव्हतं. लिओनीचं डोकं फिरलं. आई म्हातारी झाली की मुलांच्या डोळ्यांत आधी तिची गाडी खुपते, मग तिची चूल, आणि मग घरच. अशी दोन घरं याच गल्लीत विकली गेली होती. तिनं फोन लावला.

"रेझाँ, माझ्या ओव्हनला हात लावायला तुला कुणी सांगितलं?"

"मी कुठे काय केलंय, आई?"

"तारा काढल्यास. तोंडावर सांगायला जड जात होतं का?"

"अगं, मला साधा बल्ब बदलता येत नाही. बाबा हसायचे ना मला. तारा तूच काढल्यास. घेवड्याचा कोळसा झाला, घरभर धूर झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी. मला फोन करून म्हणालीस, माझा मलाच भरवसा राहिला नाही. तेव्हापासून शनिवारी मी दुकानातून डब्यातला तयार घेवडा आणतो."

"कुठला धूर?"



लिओनीनं फोन ठेवला आणि तारा हातात घेतल्या. टेपचं टोक दुमडलेलं होतं, पुढच्या माणसाला नखानं सहज सोडवता यावं म्हणून. अख्ख्या कारखान्यात असं ती एकटीच करायची, आणि बाकीच्या बायका तिची टर उडवायच्या. काम तिचंच होतं. आठवत मात्र काहीच नव्हतं. ती फरशीवर बसली. तिला भीती वाटली.

तारा जोडणं तिच्या हातचा मळ होता. पण ज्या बाईनं त्या काढल्या, तिनं धूर पाहिला होता, आणि तिचं डोकं ठिकाणावर होतं. लिओनीनं तारा पुन्हा आत खोचल्या, स्क्रू आवळले आणि परत फोन लावला.

"येताना डब्यातला घेवडा आण," ती म्हणाली. "आणि मी पुन्हा विचारलं, तर पुन्हा सांग."