नुसतं बसायला पाठवा

एकोणसत्तर साली नवऱ्याच्या बँकेने बदली केली म्हणून कालिंदी टिपणीस मिरजेहून कलकत्त्यातल्या बालीगंजला आली. लग्नाआधी खो-खोत ती कुणाच्या हाती लागायची नाही. आता दुपारभर गॅलरीतून क्लबचं मैदान बघत बसायची. मैदानात पोरांचा फुटबॉल चालायचा, मुली खिडक्यांत असायच्या.

मैदानाचा तळ्याकाठचा कोपरा तिने क्लबशी भांडून मुलींच्या खो-खोसाठी मिळवला. पण आया ऐकेनात. शेजारच्या घोषबाई म्हणाल्या, “आमची मुलगी धावणार नाही.”

“धावायला कोण सांगतंय?” कालिंदी मोडक्यातोडक्या बंगालीत तडकली. “नुसतं बसायला पाठवा!”

त्यात खोटं काय होतं? नऊजणींतल्या आठजणी बसलेल्याच असतात.

त्या हिवाळ्यात शेगड्यांचा धूर तळ्यावर तरंगत राहायचा आणि मुली त्यातून स्वप्नातल्यासारख्या पळायच्या. एका संध्याकाळी घरोघरी शंख वाजू लागले, तशा घोषबाई लेकीला न्यायला आल्या. एक मुलगी आजारी होती, रांगेतली तिची जागा रिकामी होती.

“जरा बसा,” कालिंदी म्हणाली.

त्या नाक मुरडत बसल्या, धुराकडे तोंड करून. पाठीवर लेकीची थाप पडली. “खो!”

पदर खोचायलाही त्या थांबल्या नाहीत.