आईच्या पाठीचं माप

नागपूरच्या विमानतळावर, आत जायच्या दारापाशी आई म्हणाली, "पाठ दे वं जराशी." मी ट्रॉली सोडून पाठमोरी उभी राहिले आणि तिनं माझ्या या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत विती मोजल्या. तिकडे गेल्यावर स्वेटर पाठवायचा होता ना! रडणंबिडणं राहिलं बाजूला, आमचा निरोप हा असा झाला.

स्वेटर आला आणि नेमका बसला. पुढे दर सुट्टीत सक्करदऱ्याला, आईच्या घरी गेले की पुन्हा "पाठ दे", आणि हिवाळ्यात पुन्हा पार्सल. स्कॉटलंडची थंडी मी तिच्याच लोकरीत काढली.

विणायला शिकले मात्र इथे, लायब्ररीतल्या निटिंग ग्रुपमध्ये. चार्ट, लेस, ब्लॉकिंग, असले शब्द ऐकून आई हसायची. यंदा ठरवलं, तिच्यासाठी जाळीची शाल करायची, पण चौकोनी नाही. चौकोनी शाल कणीक मळताना तिच्या खांद्यावरून घसरते, मग ती चिडून पाठीमागे गाठ मारते. म्हणून मी आकारच वेगळा काढला: अर्धचंद्रासारखी, खांद्यावर वळण घेणारी, आणि एकाच बाजूला लांब शेपूट. ते कमरेभोवती फिरवून खोचलं की हात मोकळे. ग्रुपमधल्या बायका विचारायच्या, ही शाल आहे की पतंग? मी म्हणायचे, माझ्या आईला बरोब्बर बसेल. तिचे खांदे माझ्या डोळ्यांसमोर होते. ब्लॉकिंगसाठी ओली शाल टाचण्या लावून ताणली तेव्हा जाळीतली पानं उमलली, आणि मी स्वतःवरच खूश झाले.

पार्सल पोचलं. माझ्या धाकट्या भावानं, सुनीलनं, व्हिडिओ कॉल लावून फोन आईसमोर धरला. खांद्यावर बसायचं वळण आईच्या कोपरापर्यंत उतरलं होतं. शेपूट कमरेला दोनदा फिरून गुडघ्याशी लोंबत होतं.

"मस्त हाय," आई म्हणाली. "थोडी मोठी झाली, पण चालते."

"थोडी?" सुनील म्हणाला. "ताई, तुले काय वाटलं, आई अजून तेवढीच राहिली काय?"

हो, तेवढीच वाटली होती. दर सुट्टीत तिनं माझं माप घेतलं, मला तिचं घ्यावंसं कधी सुचलंच नाही. याचं फार वाईट वाटतं. व्हिडिओ कॉलवर नुसता चेहरा दिसतो, तोही हसरा. तुम्ही तिथे राहिलेले तिला रोज बघता, तुमचं असं चुकत नाही. आम्ही गेलेले चुकतो. आमच्या मनातलं घर आम्ही निघालो त्या दिवशी होतं तेवढंच राहतं.

"परत पाठव, उसवून नव्यानं करते," मी म्हणाले.

"काहून उसवतं वं? इतकी नाजूक जाळी! मी घालतो हे अशीच. तू दुसरी करजो." आणि ती फोनकडे पाठ करून उभी राहिली. "घे, माप घे."

मी खरंच वीत उघडली. फोनच्या काचेवर आईची पाठ माझ्या दोन बोटांत मावली.